जुनी ॲल्युमिनियमची बोट घेण्याआधी काय तपासावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही बडोद्यात राहता. निवृत्तीनंतर मेहुण्यांबरोबर गळाने मासे धरायला एक छोटी, जुनी ॲल्युमिनियमची बोट घ्यायची आहे. फिरणं मुख्यतः पानम आणि कडाण्याच्या जलाशयात, अधूनमधून सिंधरोटला महीत. दोन बोटी पाहिल्यात. एक पानमजवळच्या गावातली, १४ फुटी, सपाट तळाची, रिवेट मारलेली, नुकताच निळा रंग दिलेली. दुसरी कावीच्या किनाऱ्यावरची, १२ फुटी, वेल्डिंगची, बिनरंगाची, डाग पडलेली, आणि सोबत ओबीएम, म्हणजे मागे टांगायचं इंजिन. मालक म्हणतात की दोन्हींत काहीच काम नाही. कुठली घ्यावी?

पत्र्याचं काम आणि अशा बोटींची दुरुस्ती करण्यात माझी बरीच वर्षं मकरपुऱ्यात गेली आहेत. त्यामुळे आधी धातूचं बोलतो, मग तुमच्या दोन बोटींचं.

उघड्या हवेत ॲल्युमिनियमवर क्षणात ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि तोच त्याला वाचवतो. ओरखडा पडला तरी हवा मिळाली की थर पुन्हा चढतो. म्हणून गोड्या पाण्यातली, वापरात असलेली, कोरडी ठेवलेली बोट तीस-चाळीस वर्षांनीही चांगली निघू शकते. पण जिथे पत्र्याला सतत ओल लागते आणि हवा लागत नाही, तिथे हा थर तुटतो आणि धातूला खड्डे पडतात: ओल्या प्लायच्या मागे, भिजलेल्या फोमखाली, गालिच्याखाली, तळाशी साचलेल्या गाळात. दुसरं संकट परक्या धातूचं. तांबं, पितळ, साधं लोखंड ओलाव्यात ॲल्युमिनियमला टेकलं की झिजतं ते ॲल्युमिनियम. म्हणून जुनी बोट पाहताना मी आधी चकचकीत बाजू पाहत नाही. पत्र्याला काय काय चिकटलं आहे, ते शोधतो. बोट तिथेच खराब होते.

सुरुवात मागच्या फळीपासून करा, म्हणजे जिथे इंजिन टांगतात त्या ट्रान्समपासून. बहुतेक छोट्या बोटींत तिथे दोन पत्र्यांच्या मध्ये किंवा पत्र्याच्या आतल्या अंगाला जाड प्लाय असतो. वरच्या कडेतून, बोल्टच्या भोकांतून पाणी आत जातं आणि प्लाय आतून कुजतो. बाहेरून काही दिसत नाही. हातोडीच्या लाकडी दांड्याने फळीभर ठोकत जा. निरोगी लाकडाचा आवाज टणक येतो, कुजलेल्याचा बद्द. मग मालकाच्या परवानगीने आतल्या बाजूचा एखादा स्क्रू काढा. त्याच्या आट्यांत ओला, तपकिरी भुसा आला तर प्लाय गेला. भोकात बारीक डिसमिस घालून टोचा. टोक सहज रुतलं तर तेच उत्तर. इंजिन लावलेलं असेल तर त्याचा खालचा पाय धरून वर-खाली करा आणि फळी व बाजूच्या पत्र्यातल्या सांध्याकडे पाहा. फळी हलली, सांधा उघडला, तर चालत्या इंजिनाचा जोर ती फार दिवस सोसणार नाही.

प्लाय बदलता येतो, तेवढ्याने बोट नाकारू नका. पण किंमत ठरवताना हे काम धरा आणि ते नीट करून घ्या. बडोद्यातले सुतार ७१० मार्काचा मरीन प्लाय सुचवतील; तो चांगलाच, १८-१९ मिलिमीटरचे दोन थर चिकटवून घ्यावेत. मात्र अशा प्लायला कीड-बुरशीचं औषध दिलेलं असतं आणि त्यात तांब्याचे क्षार असू शकतात. उघडा प्लाय पत्र्याला टेकवला तर ओलाव्यात हेच क्षार पत्रा खातात. म्हणून सगळ्या बाजूंना, कडांना आणि प्रत्येक भोकाच्या आत इपॉक्सीचे दोन-तीन हात द्यायचे आणि मगच बसवायचा. मालक म्हणाला, ‘आत्ताच नवीन फळी टाकली,’ तर कुठला प्लाय आणि इपॉक्सी दिलं होतं का, हे विचाराच. हिरवट छटेचं, औषध दिलेलं लाकूड उघडंच बसवलेलं असेल, तर जुन्या कोरड्या फळीपेक्षा ही नवी फळी वाईट.

दुसरी जागा फोमची. बाकांच्या पेट्यांत किंवा तळफळीखाली फोम भरलेला असतो. तो आहे का आणि कोरडा आहे का, हे पाहिल्याशिवाय व्यवहार करू नका. ॲल्युमिनियम पाण्याच्या २.७ पट जड. ८० किलोचा सांगाडा पूर्ण बुडाला तरी पाण्यात सुमारे ५० किलोचं ओझं उरतं. ३० किलोच्या इंजिनाचे आणखी २५ एक किलो धरा. एक घनफूट कोरडा फोम साधारण २७ किलो तोलतो. म्हणजे भरलेली बोट नुसती वर राहायला तीन घनफूट फोम हवा, आणि तिला धरून माणसं लटकणार असतील तर त्याहून बराच जास्त. फोम काढून टाकून सामानाला जागा केलेल्या बोटी मी पाहिल्या आहेत. अशी बोट पाण्याने भरली की सरळ तळाला जाते.

भिजलेला फोम मात्र नुसतं वजन वाढवतो आणि पत्रा सडवतो. हे ओळखायची सोपी रीत: बोट भंगारवाल्याच्या प्लॅटफॉर्म काट्यावर तोला, आधी नाळेचं, म्हणजे पुढचं टोक काट्यावर आणि दुसरं टोक तेवढ्याच उंचीच्या ठोकळ्यावर, मग उलट. दोन्ही आकड्यांची बेरीज म्हणजे बोटीचं वजन. ट्रकच्या धर्मकाट्यावर नेऊ नका. इतक्या हलक्या वस्तूला त्याचं माप जाडंभरडं पडतं. १४ फुटी साधी रिवेटची बोट इंजिनाशिवाय साधारण ७० ते ११० किलोत बसते. काटा दीडशेच्या पुढे गेला आणि कुठे जादा पत्रा दिसत नाही, तर आत पाणी आहे. याच काट्याचा दुसरा उपयोग असा की वजन गुणिले त्या दिवसाचा भंगाराचा भाव, ही बोटीची तळकिंमत. मालकाची मागणी त्यापेक्षा किती वर आहे आणि त्या जास्तीच्या पैशांत आपल्याला काय मिळतंय, हे मग स्पष्ट दिसतं.

आता रिवेट. थोडे रिवेट पाझरणं ही जुन्या बोटीची नेहमीची गोष्ट, त्याला घाबरू नका. तपासणी आतून पाणी भरून करायची, म्हणजे थेंब बाहेर दिसतो. बोट वाळूच्या पोत्यांवर ठेवा, कण्याच्या, म्हणजे तळाच्या मधल्या उभ्या पट्टीच्या, पूर्ण लांबीला आधार द्या, आणि आत चार बोटं पाणी भरा. जास्त भरू नका: १४ फुटी सपाट बोटीत १० सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारे ५०० लिटर, अर्धा टन होतो. उंच भराल तर चांगला तळ तुम्हीच वाकवाल. बाहेरचा तळ पुसून कोरडा करा, अर्धा तास थांबा, मग खाली वाकून जिथे थेंब दिसेल तिथे मार्करने गोल करा. गोल इकडेतिकडे विखुरलेले असतील तर काम किरकोळ आहे: एक माणूस आतून डॉली, म्हणजे जड लोखंडी ठोकळा, धरतो, दुसरा बाहेरून ठोकतो, रिवेट पुन्हा घट्ट बसतो. पण एकाच आडव्या फासळीवरची सगळी रांग पाझरत असेल, तर तळ तिथे लवतोय. भोकं लांबट झालेली असतात. नुसतं ठोकून ते पाझरणं महिनाभरात परत येतं.

पॉप रिवेट दिसले तर तिथे थांबून नीट पाहा. बाजारात मिळणारा साधा पॉप रिवेट पोकळ असतो आणि त्याच्या आतली खिळी बहुधा लोखंडाची असते. ती गंजते, पाणी सोडते आणि भोवतालचा पत्रा खाते. तळाला पॉप रिवेट मारणाऱ्या माणसाने बाकीचं कामही त्याच घाईने उरकलं असेल, असं मी धरून चालतो. सिलिकॉनचे थापलेले गोळे आणि एम-सीलचे डोंगर यांनाही हेच लागू.

वेल्डिंगच्या बोटीत पाझरणं कमी, पण तडा गेला तर तो वाढत जातो. फासळ्यांची टोकं, बाकांचे कोपरे आणि ट्रान्समचे खालचे दोन कोपरे, तडे इथेच सुरू होतात. डोळ्यांना केसाएवढी रेघ दिसत नाही. इथे बडोद्यात राहण्याचा मोठा फायदा आहे. कोयलीची रिफायनरी, खतांचे कारखाने आणि प्रेशर व्हेसल बनवणारी वर्कशॉपं यांच्यामुळे वेल्डिंग तपासणारी माणसं या शहरात जागोजागी आहेत. त्यांच्याकडून डीपी टेस्ट करून घ्या: लाल द्रव फवारायचा, पुसायचा, वर पांढरा डेव्हलपर मारायचा. तडा असेल तर लाल रेघ उमटते. ओळखीच्या वेल्डरकडे हे डबे पडलेलेच असतात. पत्र्याची जाडी मोजायचं अल्ट्रासॉनिक यंत्रही याच लोकांकडे मिळतं. छोट्या बोटीचा तळ निदान १.६ मिलिमीटर, म्हणजे १६ गेज असावा. महीच्या वाळूवर आणि खडकांवर नेहमी घासणार असेल तर २ मिलिमीटर, १४ गेज. मूळ जाडी २ आणि कण्याजवळ १.२ भरली, तर बोट घासून संपत आली आहे.

धातू कुठला हेही विचारा. बोटीला ५०५२ किंवा ५०८३ हा मॅग्नेशियमचा मिश्रधातू योग्य. स्थानिक कारागिराने साध्या व्यापारी पत्र्याची किंवा बसच्या तळाला टाकतात त्या चेकर्ड प्लेटची बोट बनवली असेल, तर ती तळ्यात चालेल, खाऱ्या पाण्यात टिकणार नाही. ६०८२ किंवा ६०६१ हा धातू वेल्डिंगच्या शेजारी बराच मऊ पडतो, म्हणून त्या पट्ट्यात तडे जास्त बारकाईने शोधा. आणि दुरुस्तीला आर्गॉनवाल्याकडे, म्हणजे ॲल्युमिनियमचं वेल्डिंग करणाऱ्याकडे, बोट न्याल तेव्हा फोम आधी काढायला सांगा. वेल्डिंगच्या उष्णतेने फोम पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो.

आता तुमच्या दोन बोटींकडे येतो.

निळ्या बोटीबद्दल माझी पहिली शंका तो निळा रंगच आहे. गोड्या पाण्यातल्या ॲल्युमिनियमला रंगाची गरजच नसते. विक्रीच्या तोंडावर कोणी तळाला रंग दिला, तर मी विचारतो की खाली काय आहे? खड्डे बुजवायची लांबी (पुट्टी) भरलेली असू शकते, लाकडी नावेला देतात तसं डांबर असू शकतं. नाण्याने ठोकत जा. पुट्टीवर आवाज मरतो. कण्याजवळ आणि रिवेटांच्या दोन-तीन रांगांवर हाताच्या पंजाएवढ्या जागी रंग खरवडायची परवानगी मागा. सरळ मालक देतो. नाही म्हणाला तर व्यवहार तिथेच सोडा. प्रायमर कुठला वापरला तेही विचारा. शिशाचा जुना लाल प्रायमर किंवा समुद्री बोटींचा तांबेयुक्त रंग ॲल्युमिनियमवर कधीच देऊ नये, ते रंगच पत्रा खातात.

कावीची बोट रंगाविना आहे हे मला आवडलं. तिच्यात जे आहे ते दिसतं. पण ती खंभातच्या आखातात राहिली आहे. तिथल्या भरती-ओहोटीचा फरक आपल्या देशात सर्वांत मोठ्यांपैकी आहे. ओहोटीला बोट चिखलावर बसते, भरतीला उठते, आणि वर्षानुवर्षं हे रोज चालतं. तळ घासतो आणि आत शिरलेला खारा गाळ बाकांखाली, फासळ्यांच्या कोपऱ्यांत ओला राहतो. तुम्हाला दिसलेले डाग बाहेरचे आहेत, त्यांची काळजी कमी. तळफळी उचला, गाळ धुऊन काढा आणि खाली पाहा. पांढरी भुकटी आणि तिच्याखाली सुईचं टोक अडकेल असे खड्डे असतील, तर जाडी मोजल्याशिवाय एक पाऊल पुढे टाकू नका. स्टीलच्या बोल्टांभोवती, इंजिनाच्या क्लॅम्पखाली, बॅटरीच्या वायरजवळ खास पाहा. मासेमारीच्या बोटीत आणखी एक गोष्ट हमखास सापडते: तळाशी पडून राहिलेली शिशाची वजनं आणि तांब्याच्या तारेचे तुकडे. खाऱ्या ओलीत ते जिथे पडून राहतात तिथे खड्डा पाडतात.

तिच्यासोबतच्या ओबीएमला बोटीपासून वेगळं करून किंमत लावा. ‘इंजिनासकट घेताय’ म्हणून बोटीचा दोष स्वस्त होत नाही. किनाऱ्यावर घासलेटवर चालणारी इंजिनं पुष्कळ असतात: पेट्रोलवर सुरू करून घासलेटवर टाकायची आणि बंद करण्याआधी परत पेट्रोलवर आणायची. हौशी माणसाला आणि जलाशयाला ती सोयीची नाहीत. पेट्रोलचं असेल तर थंड इंजिन तुमच्यासमोर सुरू करायला सांगा. आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर थांबा आणि थंड होऊ द्या. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची बाहेर पडणारी धार बारीक पण अखंड हवी. महीच्या आणि आखाताच्या गाळाने पंपाचा इम्पेलर, म्हणजे आतलं रबरी चक्र, लवकर झिजतो, त्यामुळे धार तुटक असेल तर आधी तो बदलून पाहावा लागेल. दोन सिलिंडरचं असेल तर कॉम्प्रेशन मोजा. दोघांत दहा टक्क्यांहून जास्त फरक नको. खालच्या गिअरचं तेल थोडं सोडून पाहा, दुधट आलं तर सीलमधून पाणी शिरलंय. पंखा काढून शाफ्टवर गुंडाळलेली नायलॉन दोरी शोधा, ते सील बहुधा तीच कापते. आणि शाफ्टची लांबी बोटीशी जुळते का ते मोजा: आखूड पाय १५ इंची, लांब पाय २० इंची फळीसाठी. पंख्याच्या वरची आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या पातळीला आली पाहिजे. आता पंपावर मिळणारं पेट्रोल इथेनॉलमिश्रित असतं, ते ओल धरतं आणि जुन्या रबरी नळ्या खराब करतं. नळ्या बदला आणि महिनाभर बोट उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा.

आकाराबद्दल माझं मत स्पष्ट आहे. दोन माणसं, सामान आणि कडाण्यासारखं उघडं पाणी, तर १४ फूटच घ्या. उन्हाळ्यात दुपारनंतर कडाण्यावर वारा उठला की लाटा आखूड आणि उभ्या येतात, आणि १२ फुटी अरुंद बोटीत पाणी उडून आत येतं. सपाट तळ महीच्या उथळ पाण्यात, वाळूच्या पट्ट्यांवर उत्तम. गळ टाकताना उभं राहिलं तरी कमी डगमगते. लाटांवर मात्र ती आपटते. म्हणून सपाट बोट घेतलीत तर वारा उठायच्या आधी काठ गाठायचा, हा नियम पाळा. किती माणसं बसवावीत याचा ढोबळ हिशेब: लांबी गुणिले वरची रुंदी, दोन्ही फुटांत, भागिले १५. १४ गुणिले ४ भागिले १५ म्हणजे पावणेचारच्या आसपास, म्हणजे तीन. सामान आणि इंजिन धरून तुम्ही दोघंच जा. नातवंडांचा हट्ट म्हणून आणखी कोणाला बसवू नका. बडोद्याच्या माणसाला हे का सांगावं लागतं ते तुम्हाला ठाऊक आहे: १८ जानेवारी २०२४ ला हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली, १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि सगळ्यांना लाइफ जॅकेट नव्हती. अलंगला मोडलेल्या जहाजांचा माल विकणाऱ्या दुकानांतून दोर, वल्हं, फेंडर (बोटीच्या बाजूला टांगायच्या गाद्या) खुशाल आणा, तिथला माल दणकट असतो. लाइफ जॅकेट मात्र नवीनच घ्या. जुन्या जहाजावरून उतरलेल्या जॅकेटमधला फोम किती उरला आहे हे बाहेरून कळत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. इंजिन लावलं की बोट इनलँड व्हेसल्स कायदा, २०२१ च्या कक्षेत येते. नोंदणी आणि तपासणीचं गुजरात मेरीटाइम बोर्डाकडे आधी विचारा, बोट घेतल्यावर नाही. इंजिनाचा नंबर पावतीवर आणि क्लॅम्पवर एकच आहे का पाहा. जलाशयांत मासेमारीचा हक्क बहुधा इजाऱ्याने, म्हणजे ठेक्याने, दिलेला असतो, तेव्हा गळ टाकायलाही इजारदाराची आणि धरण खात्याची परवानगी लागेल. आजवा तलाव सयाजीराव महाराजांनी शहराला दिलेलं पिण्याचं पाणी आहे, तिथे आणि वढवाण्याच्या पक्ष्यांच्या तलावात बोट न्यायचा विचारच नको. विश्वामित्रीत तर मगरींमुळेही नको.

नेण्या-आणण्याचाही विचार आधीच करा. टाटा एसचा हौदा सुमारे ७ फूट लांब आणि ५ फुटांहून थोडा अरुंद असतो. १४ फुटी बोट अर्धी बाहेर लोंबेल आणि पानमच्या रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्यात फाळक्याच्या कडेवर आपटेल. रिवेट पाण्यात नव्हे, असे रस्त्यावर ढिले होतात. पिकअप घ्या किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पेंढ्याच्या पेंड्यांवर ठेवून न्या.

माझा कल पानमच्या बोटीकडे आहे. गोडं पाणी, योग्य लांबी आणि तुमच्या वापराला साजेसा तळ. रंग खरवडू दिला, फळी कोरडी निघाली आणि काट्यावर वजन ११० च्या आत आलं, तर घासाघीस करून घेऊन टाका, पाझरणारे रिवेट आपण इथे बसवून घेऊ. फळी कुजलेली पण तळ चांगला असेल, तर नव्या प्लायचा आणि मजुरीचा खर्च मागणीतून वजा करून बोला. कावीची बोट तळफळीखाली स्वच्छ निघाली, जाडी सगळीकडे १.६ च्या वर भरली, तरच तिचा विचार करा, आणि तीही मही व पानमपुरती, कडाण्यावर नको. दोन्हींपैकी कुठलीही असो, टोकन देण्याआधी ती काठाजवळ पाण्यात उतरवून दोघांनी बसून तासभर थांबा, आणि मग तळफळी उचलून आत किती पाणी आलं ते पाहा.